५ व्होल्टच्या रिलेतून ७१ हजार व्होल्ट? कॉइल, झटका आणि सिम्युलेशन

परवा रात्री भाच्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट आला आणि खाली एकच ओळ, "मामा, ५ व्होल्टच्या रिलेतून ७१ हजार व्होल्ट येतायत, खरंय का हे?" तो डिप्लोमाला आहे, टाकी भरली की पंप बंद करणारं सर्किट बनवतोय, त्यात रिले आहे (कॉइलच्या ओढीने ज्याचे काँटॅक्ट चालू-बंद होतात ती डबी), आणि काहीही जोडायच्या आधी एलटीस्पाइसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर सर्किट तपासायच्या प्रोग्रॅममध्ये, चालवून बघतो. हे मला आवडतं, आमच्या वेळी आधी धूर निघायचा आणि मग सर्किट समजायचं.

मी विचारलं, कॉइलचा करंट तोडणाऱ्या स्विचचा ऑफ रेझिस्टन्स, म्हणजे ऑफ असताना तो करंटला किती अडवतो ते, किती टाकलायस? म्हणाला १ मेग, म्हणजे दहा लाख ओहम. म्हटलं १० मेग कर आणि परत चालव. दोन मिनिटांत उत्तर आलं, "आता सात लाख!!!" म्हटलं बघ, रिले तोच, करंट तोच, तू फक्त स्विचच्या खान्यातला एक आकडा बदललास आणि व्होल्टेज दहापट झालं, मग ते ७१ हजार कॉइलचे होते का स्विचचे? यावर पलीकडे बराच वेळ नुसतं टायपिंग… टायपिंग… दिसत राहिलं, शेवटी मीच फोन केला. अर्धा तास बोललो त्यातलं जेवढं आठवतंय ते इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न कॉइलचं सिम्युलेशन पहिल्यांदा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पडतो.

आधी कॉइलचा स्वभाव. ऊस भरलेली ट्रॉली डोळ्यासमोर आणा. जागची हलवताना ट्रॅक्टर गुरगुरतो आणि वेग हळूहळूच येतो, पण एकदा पळायला लागली की थांबवणं तितकंच अवघड. कॉइलमधला करंट तसा आहे, झटक्यात वाढत नाही आणि झटक्यात थांबतही नाही. गणितात एवढंच, की करंट दर सेकंदाला किती अँपने बदलतोय त्याला इंडक्टन्सने (कॉइलचा हा जडपणा सांगणारा आकडा) गुणलं की कॉइलच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मिळतं. सावकाश बदला, व्होल्टेज किरकोळ. मायक्रोसेकंदात बदलायला लावा, आकडा डोळे पांढरे करतो.

आता हीच ट्रॉली पळतेय आणि समोर काहीतरी आडवं आलं. कडब्याची गंजी असेल तर आत घुसत घुसत थांबेल, दगडी भिंत असेल तर भिंतीचं आणि ट्रॉलीचं दोघांचंही काही खरं नाही. ट्रॉलीचा वेग दोन्ही वेळेला सारखाच, धक्का किती बसला हे समोर काय होतं त्यावर ठरलं. भाच्याच्या सर्किटमधली भिंत म्हणजे तो १ मेगचा ऑफ झालेला स्विच.

हा झटका आपण घरात वर्षानुवर्षं वापरलाय. जुनी पट्टीची ट्यूबलाइट आठवा, बटण दाबलं की स्टार्टर टिकटिक करायचा, टोकं लालसर व्हायची, दोनतीनदा भकभक होऊन मग एकदाची पेटायची. स्टार्टरमधला काँटॅक्ट उघडला की चोकमधून (तीही एक कॉइलच) चाललेला करंट तुटतो, चोक जोरात किक देतो आणि त्या किकने ट्यूबमधला गॅस पेटतो. मग पहिल्याच फटक्यात का पेटत नाही? एक कारण असं की आपला सप्लाय ५० हर्ट्झचा, म्हणजे करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, आणि स्टार्टरला ते काही कळत नाही, तो त्याच्या मर्जीने उघडतो. नेमका शून्याच्या आसपास उघडला तर चोकमध्ये तेव्हा काही साठलेलंच नसतं, मग किक कसली. साठलेली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग, करंट अर्धा तर ऊर्जा पाव.

भाच्याच्या रिलेचे आकडे घेऊ. बाजारात मिळतो तो निळ्या डबीचा ५ व्होल्टवाला, कॉइल ७० ओहमची, म्हणजे करंट साधारण ७१.४ मिलिअँप. इंडक्टन्स त्याने ०.१ हेन्री धरलेला, हिशोबाला ठीक आहे. ऊर्जा निघते साधारण २५५ मायक्रोज्यूल. फार काही नाही हो, पण एवढीशी ऊर्जासुद्धा जायला वाट मिळाली नाही की काय करते ते पुढे येईलच. आणि ७१.४ मिलिअँप गुणिले १ मेग, झाले ७१,४०० व्होल्ट. करंटला एकदम थांबता येत नाही, स्विच उघडल्यावर जायला रस्ता फक्त त्या १ मेगमधून, म्हणून प्रोग्रॅमने ओहमचा नियम लावला आणि मोकळा झाला. त्याने चूक काहीच केली नाही, जे सर्किट दिलं त्याचं बरोबर उत्तर दिलं.

(इथे एक जुना खड्डा: स्पाइसमध्ये नुसतं एम लिहिलं की ते मिली धरलं जातं, मोठा एम असो नाहीतर छोटा. मेगा हवं असेल तर पूर्ण मेग लिहायचं. याच्यामुळे माझी एक अख्खी रविवार दुपार गेलीये.)

आता कॉम्प्युटर हे करतो कसा, कारण अर्धे घोळ तिथेच आहेत. स्पाइस हा प्रोग्रॅम अमेरिकेत बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत तयार झाला, लॉरेन्स नेगल आणि त्याचे प्रोफेसर डोनाल्ड पेडरसन यांनी १९७३ साली तो मांडला आणि लोकांना वापरायला देऊन टाकला. आजचे एलटीस्पाइस, एनजीस्पाइस हे त्याचेच वंशज, आणि आपल्या पवईच्या आयआयटी मुंबईतल्या फॉसी प्रोजेक्टचं ईसिम हे सर्किटचं सॉफ्टवेअर आहे ना, तेही आतून एनजीस्पाइसच चालवतं. या सगळ्यांची मूळ युक्ती एक, वेळेचे बारीक तुकडे करायचे आणि एकेक तुकडा पुढे सरकायचं.

ते समजून घ्यायला एक्सेल पुरे. एका कॉलममध्ये वेळ, दुसऱ्यात करंट. प्रत्येक ओळीत नवा करंट म्हणजे जुना करंट, अधिक स्टेप भागिले इंडक्टन्स, गुणिले कॉइलवर उरलेलं व्होल्टेज, आणि उरलेलं व्होल्टेज म्हणजे ५ वजा ७० गुणिले जुना करंट. स्टेप ०.१ मिलिसेकंद ठेवली तर करंट ०, ५, ९.६५, १३.९७ मिलिअँप असा चढत जातो. खरं उत्तर ०, ४.८३, ९.३३, १३.५३ आहे, म्हणजे थोडं पुढे पळतंय पण रस्ता बरोबर. आता तीच स्टेप ३ मिलिसेकंद करा आणि मजा बघा: ०, १५०, उणे १५, १६६, उणे ३३… करंट एकदा वर एकदा खाली आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा लांब. ५ व्होल्ट आणि ७० ओहममध्ये ७१ च्या वर जाताच येत नाही, पण एक्सेलला कोण सांगणार! या कॉइलला हा हिशोब २.८६ मिलिसेकंदांच्या पुढच्या स्टेपला कोसळतो, ती हद्द इंडक्टन्सची दुप्पट भागिले रेझिस्टन्स अशी निघते.

म्हणून स्पाइसवाले हा सरळ रस्ता धरत नाहीत. ते नवा करंट काढताना जुनं व्होल्टेज न घेता नवंच घेतात, जे अजून माहीत नाही, त्यामुळे समीकरण मांडून सोडवावं लागतं. ऐकायला उलटं वाटतं पण यात एक फार देखणी गोष्ट होते, प्रत्येक स्टेपपुरती कॉइल गायब होते आणि तिच्या जागी एक साधा रेझिस्टर आणि त्याला पॅरललमध्ये जुन्या करंटएवढा एक करंट सोर्स येऊन बसतो. रेझिस्टरची किंमत इंडक्टन्स भागिले स्टेप. आपली ०.१ हेन्रीची कॉइल, स्टेप १ मायक्रोसेकंद, म्हणजे प्रोग्रॅमच्या नजरेत तो १०० किलोओहमचा रेझिस्टर झाला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस तेच डोक्यात होतं, कॉइल म्हणजे "आधी किती करंट होता" हे लक्षात ठेवणारा रेझिस्टर, बस्स.

आणि इथेच दुसरा घोळ. समजा स्विच इतका आदर्श आहे की उघडल्यावर त्यातून काहीच जात नाही, आणि बाकी सर्किटमध्ये कॉइलशिवाय काही नाही. मग त्या एका स्टेपमध्ये सगळा ७१.४ मिलिअँप त्या काल्पनिक १०० किलोओहममधूनच जाणार, झाले ७,१४० व्होल्ट. स्टेप ०.१ मायक्रोसेकंद करा, ७१,४०० व्होल्ट. म्हणजे आता व्होल्टेज स्विचवरही अवलंबून नाही, प्रोग्रॅमने वेळेचा तुकडा केवढा घेतला त्यावर आहे! आणि हे प्रोग्रॅम स्टेप स्वतःच लहानमोठी करतात, त्यामुळे तेच सर्किट थोडं बदलून चालवलं की पीक, म्हणजे सगळ्यात वरचा आकडा, वेगळाच. उघडं टोक असंच राहिलं की कधीकधी प्रोग्रॅम स्टेप निम्मी, पुन्हा निम्मी, पुन्हा निम्मी करत शेवटी "टाइमस्टेप टू स्मॉल" म्हणून हात वर करतो. पोरं यावर गुगल करून कुठलीतरी टॉलरन्सची सेटिंग सैल करतात, एरर जाते, चूक तिथेच राहते.

तिसरा घोळ जास्त लबाड. स्पाइसची नेहमीची पद्धत ट्रॅपिझॉइडल, म्हणजे जुनं आणि नवं व्होल्टेज दोघांची सरासरी घ्यायची. अचूक पद्धत आहे, वाद नाही. पण करंट एका स्टेपमध्ये शून्यावर आला आणि शून्यच राहिला तर काय? करंट बदलत नाही म्हणजे सरासरी व्होल्टेज शून्य हवं, सरासरी शून्य म्हणजे आधी अधिक असेल तर नंतर तेवढंच उणे हवं, मग परत अधिक, परत उणे, आणि हे थांबायचं नावच घेत नाही. शिवाय त्याच १ मायक्रोसेकंदाच्या स्टेपला या पद्धतीत पहिला आकडाच १४,२८० येतो, आधीच्या दुप्पट. ग्राफवर दाट करवतीसारखे दात दिसतात आणि नवखा माणूस म्हणतो वा, रिंगिंग (व्होल्टेजचे खरे झोके) छान आलंय.

ओळखायची खूण सोपी आहे, कमाल स्टेप निम्मी करा. दात बारीक झाले तर ते गणिताचे, जागचे हलले नाहीत तर सर्किटचे. पॉवरवाल्यांना, म्हणजे मोठ्या वीजवाहिन्यांचा हिशोब करणाऱ्यांना, हा त्रास फार जुना, तिकडे हर्मन डॉमेलने १९६९ मध्ये मांडलेली पद्धत चालते, तीही ट्रॅपिझॉइडल आणि स्टेप ठरलेली, त्यामुळे ब्रेकर उघडला की हे दात येणारच, मग त्यावर वेगळे इलाज शोधावे लागले. एलटीस्पाइसने आपल्या ट्रॅपमध्ये स्वतःची दुरुस्ती करून हे बरंच दाबलंय, एनजीस्पाइसमध्ये गिअर ही दुसरी पद्धत निवडता येते. पण गिअर खऱ्या रिंगिंगलाही थोडं मारतं, म्हणून मी शंका आली की दोन्ही चालवून ग्राफ एकावर एक ठेवतो.

बरं मग खरं उत्तर कसं मिळवायचं? सर्किटमध्ये जे प्रत्यक्षात आहे ते आणून ठेवायचं. कॉइलमध्ये शेकडो वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, त्या वेढ्यांमध्ये कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) असतोच, शिवाय ट्रान्झिस्टरचा, वायरींचा. समजा सगळा मिळून १०० पिकोफॅरड धरला आणि कॉइलला पॅरललमध्ये लावला. आता करंटला जायला जागा मिळाली, कॉइलमधली २५५ मायक्रोज्यूल त्या कपॅसिटरमध्ये ओतली जाते, आणि हिशोब केला तर पीक येतो साधारण २,२५० व्होल्ट, तोही लगेच नाही, सुमारे ५ मायक्रोसेकंदांनी. नंतर ऊर्जा कॉइल आणि कपॅसिटरमध्ये झोके घेत राहते, साधारण ५० किलोहर्ट्झने. स्टेप बदला, स्विचचा रेझिस्टन्स १० मेगचा १०० मेग करा, पीक जवळपास तिथेच. हे खरं रिंगिंग. कोअरमध्ये, म्हणजे कॉइलच्या लोखंडी गाभ्यात, जाणारी ऊर्जा दाखवायला पॅरललमध्ये एक रेझिस्टरही टाकायचा, नाहीतर झोके कागदावर वाजवीपेक्षा फार वेळ चालतात.

भाचा म्हणाला, "मग २,२५० खरे?" नाही रे बाबा. स्विचच्या जागी तू लावणार बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, त्याची कलेक्टर-एमिटर या दोन पायांमधली सहनशक्ती ४५ व्होल्ट. तो २,२५० च्या आधीच फुटतो, म्हणजे ब्रेकडाउनमध्ये जाऊन करंटला आपल्यातूनच वाट करून देतो, कधी वाचतो, कधी नाही. गंमत म्हणजे स्पाइसमधल्या ट्रान्झिस्टरच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये हे ब्रेकडाउन नसतंच! स्क्रीनवर बीसी ५४७ दोन हजार व्होल्ट निवांत झेलतो आणि पुढच्या पल्सला परत हजर. मी एकदा कॉइलवरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) विसरून असाच बोर्ड केला होता, ट्रान्झिस्टर लगेच मेला नाही पण रिले बंद झाला की मायक्रोकंट्रोलर रिसेट व्हायचा, आणि मी तीन दिवस प्रोग्रॅममध्ये बग शोधत होतो.

आता डायोड. कॉइलला उलटा १एन ४००७ लावला की करंट तिथल्या तिथे गोल फिरतो आणि व्होल्टेज सप्लायच्या वर फक्त ०.७ च्या आसपास जातं. ही झाली कडब्याची गंजी. सिम्युलेशन इथे एकदम शहाण्यासारखं वागतं, कारण व्होल्टेज किती हे आता डायोड ठरवतो, स्टेप नाही, वेढ्यांमधला तो अंदाजाने धरलेला कपॅसिटन्सही नाही. पण गंजी मऊ म्हणून ट्रॉली थांबायला वेळ घेते, करंट शून्यावर यायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. रिलेचे काँटॅक्ट तेवढे रेंगाळत उघडतात आणि पंपाच्या मोटरसारखा लोड असेल तर तेवढी ठिणगी जास्त. डायोडच्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजला उलट दिशेनेही करंट सोडणारा डायोड) उलट तोंडाने लावला तर हाच वेळ पाव मिलिसेकंदाच्या आसपास, नीट हिशोबाने ०.२६ मिलिसेकंद. ट्रान्झिस्टरवर साधारण ३० व्होल्ट येतात, ४५ च्या आत, चालतंय. भाच्याला मी हेच तीन ग्राफ एकावर एक काढायला लावले, नुसती कॉइल आणि कपॅसिटर, डायोड, डायोड अधिक झेनर. सिम्युलेशनचा खरा उपयोग मला इथे वाटतो, एकाच ट्रॉलीसमोर वेगवेगळ्या भिंती ठेवून बघायच्या, तेही काही न जाळता.

दोन छोट्या गोष्टी, ज्यावर बराच वेळ वाया जातो. एक, सिम्युलेशन सुरू व्हायच्या आधी प्रोग्रॅम डीसीची स्थिती काढतो आणि डीसीला कॉइल म्हणजे नुसती वायर, त्यामुळे सप्लाय सुरुवातीपासून ५ व्होल्ट असेल तर करंट पहिल्या क्षणालाच ७१ वर दिसतो आणि चढताना दिसतच नाही, सप्लाय शून्यातून उठवायचा. दुसरी, काहीजण कॉइलला थेट करंट सोर्स लावतात आणि त्याला सांगतात की १० नॅनोसेकंदात १ अँप वर जा. करंट सोर्स महाहट्टी, तो जाणारच, १० मायक्रोहेन्रीच्या कॉइलवर १,००० व्होल्ट लागले तरी. खऱ्या जगात असे हजार व्होल्ट खिशात घेऊन फिरणारा सोर्स नसतो. आणि उठायचा वेळ शून्य लिहिलात तर बरेच प्रोग्रॅम मनाने एक आकडा धरतात, मग तुमचा पीक त्या आकड्याचा. वेळ स्वतः लिहा.

आणि हे फक्त रिलेपुरतं नाही. बोर्डावरच्या साध्या तांब्याच्या पट्टीलाही दर मिलिमीटरला ढोबळ १ नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. दोन सेंटिमीटरची पट्टी म्हणजे २० नॅनोहेन्री, मॉस्फेटने (स्विचसारखा वापरतात तो ट्रान्झिस्टर) १० नॅनोसेकंदात १० अँप तोडले की त्या पट्टीवर २० व्होल्ट. सिम्युलेशनमध्ये ती पट्टी तुम्ही काढलेली एक रेघ असते, रेघेला इंडक्टन्स नसतो, म्हणून तिथे सगळं स्वच्छ आणि स्कोपवर, म्हणजे खऱ्या सर्किटचा ग्राफ दाखवणाऱ्या यंत्रावर, काटेच काटे.

भाच्याने शेवटी डायोड-झेनर लावून बोर्ड केला, त्यांच्या लॅबमधल्या स्कोपवर करंट बघितला आणि परत फोन, "मामा, चालू होताना करंट मध्येच थोडा खाली येतो आणि परत चढतो, सिम्युलेशनमध्ये असं काही नव्हतं." मला खरंच आनंद झाला. ती खाच म्हणजे रिलेची लोखंडी पट्टी कॉइलकडे ओढली जाऊन चिकटते तो क्षण. पट्टी जवळ आली की हवेतली फट कमी होते, इंडक्टन्स वाढतो, आणि हलत्या पट्टीमुळे कॉइलमध्ये उलट व्होल्टेज तयार होऊन करंट क्षणभर मागे सरकतो. आपण तर इंडक्टन्स ०.१ हेन्री असा खिळा ठोकून ठेवला होता, मग ग्राफमध्ये खाच दिसणार कुठून. म्हटलं आता पट्टी हाताने दाबून धर आणि परत बघ, खाच जाईल. त्याने दाबली, गेली.